कडधान्यातल्या भुंगेऱ्याचं कुल कोणतं? पुस्तकात एक, नेटवर दुसरंच

मृद्गंध
मी कृषी तंत्र विद्यालयात शिकवतो. सध्या साठवणुकीतल्या किडींचा धडा चालू आहे. तूर-हरभऱ्याला लागणाऱ्या भुंगेऱ्याचं, म्हणजे कॅलोसोब्रुकसचं कुल आमच्या टिपणांत 'ब्रुकिडी' दिलंय. वर्गातल्या एका मुलीनं मोबाइलवर शोधलं तर तिथे 'क्रायसोमेलिडी'. हे तर पानं खाणाऱ्या भुंगेऱ्यांचं कुल. तिचा प्रश्न रास्त होता: "सर, हा पान खातच नाही, मग त्यांच्यात कसा?" त्यात इंग्रजी पुस्तकं याला सर्रास वीव्हिल, म्हणजे सोंडकिडा, म्हणतात. मग सोंडकिड्यांत का नाही?
माझं मत सांगतो. शेतकरी किडीला ओळखतो ती काय खाते आणि कुठे राहते यावरून. वर्गीकरणही तसंच ठेवलं तर मुलांना सोपं जाईल. जाणकारांनी सांगावं, ही कुलं ठरवतात कशावरून, आणि मध्येच बदलतात का?

चकली
माझाही प्रश्न यातच घालते. पावसाळा सुरू झाला की आमच्याकडे तांदळात सोंडवाला काळपट किडा, मुगात गोलमटोल तपकिरी आणि रव्यात लालसर चपटा निघतो. आम्ही तिन्हींना पोरकिडेच म्हणतो. हे एकमेकांचे कोण लागतात?

जुनाजाणता
कोणीही लागोत, उन्हात घाला आणि चाळून घ्या. :-)

षट्पद
चकलीताई, तुमचे तिन्ही किडे एकाच फळीवर राहत असले तरी तीन वेगळ्या कुलांतले आहेत. मृद्गंध सरांच्या मुद्द्याला उत्तर तिथूनच सुरू करतो.

तांदळातला सायटोफिलस ओरायझी. हा खरा सोंडकिडा, कुल कर्क्युलिओनिडी. डोक्याचा पुढचा भाग लांब होऊन सोंड झालेली, जबडे त्या सोंडेच्या टोकाला, आणि मिशा कोपरात वाकवल्यासारख्या. मादी सोंडेनं दाणा कोरते, आत अंडं घालते आणि वरून चिकट स्रावानं भोक बुजवते. म्हणून बाहेरून काही कळत नाही.

रव्यातला ट्रायबोलियम कॅस्टॅनियम, कुल टेनेब्रिओनिडी. हा अख्ख्या दाण्यात सहसा शिरत नाही. पीठ, रवा, फुटका दाणा हे त्याचं खाद्य.

मुगातला कॅलोसोब्रुकस. मुगावर बारीक पांढरे ठिपके चिकटलेले दिसतात ना, ती त्याची अंडी, दाण्याच्या वर डकवलेली. अळी खालून थेट दाण्यात शिरते. प्रौढाला सोंड नाही, तोंड जरा पुढे आलेलं एवढंच. पंख आखूड असल्यामुळे पोटाचं टोक मागे उघडं राहतं.

आता साधं दहापटीचं भिंग घ्या आणि पायाचा शेवटचा भाग, टार्सस, बघा. रव्यातल्याच्या पुढच्या दोन्ही जोड्यांत पाच-पाच पेरं आणि मागच्या जोडीत चार. तांदळातल्याच्या आणि मुगातल्याच्या सगळ्या पायांत चार दिसतात. पण दिसतात तेवढीच. तिसरं पेर दुभंगलेलं असतं आणि त्याच्या खाचेत, पाचव्याच्या बुडाशी, एक अगदी चिमुकलं चौथं पेर दडलेलं असतं. असंच दडलेलं पेर पानखाऊ भुंगेऱ्यांत आणि लांब मिशांच्या खोडकिड्यांतही सापडतं. म्हणजे तांदळातला आणि मुगातला दूरचे का होईना पण नातलग, आणि रव्यातला त्यांच्याहून लांबचा. ते काय खातात यावरून हे कधीच कळलं नसतं.

चकली
म्हणजे एका डब्याच्या रांगेत तीन कुलं! आज रात्री भिंग घेऊन बसते. मुलाला सुट्टी आहे, त्यालाही बसवते.

पीकसंरक्षक
षट्पद यांचं निरीक्षण बरोबर, पण मूळ तक्रार राहिलीच. दडलेलं पेर तर ब्रुकिडी वेगळं कुल ठेवूनही दाखवता येतं. ते मोडून क्रायसोमेलिडीचं उपकुल करायची काय गरज होती? जुने सगळे अहवाल, किडींच्या याद्या, प्रश्नपत्रिका ब्रुकिडी नावानं आहेत. दर पिढीला नावं बदलली तर क्षेत्रावर काम करणाऱ्यानं कुठे बघायचं? गोदामात धुरी देताना कुल विचारत नाही कोणी.

षट्पद
पीकसंरक्षक, गरज होती. किस्सा तसा जुना आहे.

वर्गीकरणाचा पाया घालणाऱ्या लिनियसनं १७५८ साली आपला हाच मुगातला भुंगेरा नोंदवला तो सोंडकिड्यांत, कर्क्युलिओ चायनेन्सिस या नावानं. आणि त्याच्या अगदी जवळचा, वाटाण्यातला भुंगेरा त्याच ग्रंथात गेला डर्मेस्टिसमध्ये, म्हणजे कातडी आणि सुकं मांस खाणाऱ्यांच्या सोबत. वरवरच्या रूपावरून लावलं की असं होतं. पुढे १७६२ मध्ये जॉफ्रॉय या फ्रेंच माणसानं पायाची पेरं मोजून भुंगेरे लावायला सुरुवात केली, तेव्हा जरा शिस्त आली.

ब्रुकिडी बराच काळ स्वतंत्र कुल राहिलं. मग लोकांनी पानखाऊंचीच आतली नाती तपासली. त्यांच्यात साग्रा नावाचा एक वंश आहे. हिरव्या-जांभळ्या धातूसारखा चमकणारा, नराच्या मागच्या मांड्या बेडकासारख्या फुगलेल्या. त्याची अळी वेलाच्या खोडात गाठ करून राहते. आता मुगातल्याची मागची मांडी बघा: तीही जाड, आणि खालच्या कडेला दात. अळ्यांची रचना, पंखांच्या शिरा आणि नंतर डीएनए, सगळ्यांचा कौल एकच आला. ब्रुकसवाल्यांचे सगळ्यात जवळचे भाऊ म्हणजे हा साग्रा-गट.

आता अडचण बघा. साग्रा पानखाऊंच्या कुलात आणि त्याचा सख्खा भाऊ बाहेर! गावात आळी एक, धंदा एक म्हणून भावकी एक होत नाही, आणि कोणी धंदा बदलला म्हणून तो भावकीतून बाहेरही पडत नाही. ब्रुकसच्या पूर्वजांनी खोड सोडून बी धरलं, इतकंच. मग दोनच मार्ग उरतात. एक, क्रायसोमेलिडी फोडून त्याची पुष्कळ छोटी कुलं करा. दोन, ब्रुकसला आत घ्या. दुसऱ्यात मोडतोड कमी. म्हणून आता कुल क्रायसोमेलिडी, उपकुल ब्रुकिनी. साल-खोड पोखरणाऱ्या स्कॉलिटिडीचंही असंच झालं, ते आता सोंडकिड्यांच्या कुलातलं उपकुल आहे. त्यांना लांब सोंड नाही, तरीही.

ऊसवाला
सर, भावकीचं पटलं. आमच्याकडे हुमणीनं, म्हणजे मुळं खाणाऱ्या अळीनं, ऊस बसवलाय. ही कोणाच्या भावकीतली?

कोकणचा_माड
ऊसवाले, तुमची हुमणी आणि आमचा गेंड्या भुंगा एकाच घरातले असावेत असं मला वाटतं. शेणाच्या खड्ड्यात गेंड्याची अळी मिळते ती डिट्टो हुमणीसारखी, इंग्रजी सी सारखी वळलेली, पांढरी, पुढे तीन जोड्या पाय. माझा प्रश्न असा, की माडावर दोन भुंगे येतात, गेंड्या आणि लाल सोंड्या. दोन्ही माडाचे वैरी. हे एकमेकांचे कोण?

षट्पद
माड, बरोबर ओळखलंत. हुमणी, गेंड्या आणि शेणकिडे सगळे स्कॅरॅबिडी. मिशीच्या टोकाला पंख्यासारखी उघडमीट करणारी पात्यांची जुडी असते, ती या सगळ्यांची खूण. अळी सी सारखी.
लाल सोंड्याचा आणि गेंड्याचा मात्र जवळचा काही संबंध नाही. लाल सोंड्या सोंडकिडा आहे. आणि गंमत म्हणजे त्याचं उपकुल तेच, जे चकलीताईंच्या तांदळातल्या किड्याचं आहे. एक जेमतेम तीन मिलिमीटरचा, दुसरा साडेतीन सेंटिमीटरपर्यंत जाणारा. आकारावर जाऊ नका.

कोकणचा_माड
तांदळातला किडा आणि माडाचा सोंड्या भाऊ? हे घरी सांगितलं तर कोणी विश्वास ठेवणार नाही. पण अनुभवाशी जुळतं. गेंड्याचा प्रौढ सुई, म्हणजे न उलगडलेलं कोवळं पान, पोखरतो, पान उलगडलं की पंख्यासारखं कातरलेलं दिसतं. त्याची अळी झाडात नसतेच, ती शेणखतात. सोंड्याचं उलट, अळी खोडात, आणि तिला पायच नाहीत. गेंड्यानं केलेल्या जखमेत सोंड्याची मादी अंडी घालते. म्हणून आम्ही आधी गेंड्याचा बंदोबस्त करतो. दोघांच्या सापळ्यांत भुंग्यांना ओढणारी गंधगोळीही वेगळी लागते, एकाची दुसऱ्याला चालत नाही.

पीकसंरक्षक
हे मात्र मान्य. गंधगोळी वेगळी असण्याचं कारण पोरांना सांगताना कुल कामाला येतं.
ऊसवाल्यांसाठी: हुमणीची जात अळीवरूनही ओळखता येते. अळी उलटी करा, शेवटच्या खंडाच्या खालच्या बाजूला बारीक ताठ केस असतात. त्यांची मांडणी, ओळी आहेत की नाहीत, किती लांब, यावरून होलोट्रिकिया की ल्युकोफोलिस ते ठरतं. जात कळली की भुंगेरे केव्हा बाहेर पडणार तेही कळतं. वळिवानंतर कडुनिंब-बाभळीवर संध्याकाळी गोळा करायचे दिवस चुकवू नका.

जुनाजाणता
एक मूलभूत शंका. हे पेरं-मिशा-मांड्या झालं. पण हल्ली म्हणे सगळं डीएनएवर ठरतं. मग तुमचं भिंग कपाटात ठेवायचं का?

अक्षता_जे
मी सध्या जर्मनीत याच विषयात पीएचडी करते आहे, भुंगेऱ्यांवर नाही पण कीटकांच्या वंशवृक्षांवर. जुनाजाणता काकांचा प्रश्न आमच्या प्रयोगशाळेत रोज निघतो. डीएनएला शरण जाऊन चालत नाही, याचं सगळ्यात चांगलं उदाहरण भुंगेऱ्यांच्या शेजारीच आहे.

स्ट्रेप्सिप्टेरा नावाचा छोटा गण आहे. मादी बहुतेक वेळा गांधीलमाशी, मधमाशी, तुडतुडे यांच्या पोटात परजीवी म्हणून आयुष्य काढते. तिचं डोकं तेवढं यजमानाच्या पोटाच्या कड्यांमधून बाहेर डोकावतं. नर काही तासच जगतो. त्याचे पुढचे पंख आखडून मुसळीसारखे झालेले, मागचे पंख्यासारखे मोठे. भुंगेरेही उडताना मागचेच पंख वापरतात, म्हणून जुने अभ्यासक यांना भुंगेऱ्यांजवळ ठेवत. नव्वदच्या दशकात रायबोसोमच्या जनुकांवरून झाड काढलं तर हे चक्क माश्यांजवळ गेले! माश्यांची मागची पंखजोडी मुसळीसारखी असते, यांची पुढची. त्यावरून जोरदार वाद झाला.

कारण पुढे कळलं. दोन्ही गटांच्या त्या जनुकांत फार झपाट्यानं बदल झालेले होते. एकमेकांशी संबंध नसताना दोघांतही पुष्कळ बदल झाले की काही अक्षरं योगायोगानं सारखी होतात आणि गणितपद्धत फसून त्यांना भाऊ ठरवते. २०१२ साली संपूर्ण जनुकसंच वाचून झाला तेव्हा ते परत भुंगेऱ्यांच्या शेजारी आले. म्हणजे भिंगवाले बरोबर होते.

उलटही होतं, बरं का. काजव्यांच्या बाबतीत

रानवाटा
काजव्यांचं नाव आलं म्हणून मध्येच बोलतो. पुरुषवाडी, भंडारदरा परिसरात मे अखेरीला जाणं होतं. काजवा भुंगेरा आहे हे ऐकून होतो, पण हातात घेतला तर पंख मऊ, चामड्यासारखे. कडक कवच कुठाय?

अक्षता_जे
बोट चुकून आधीच 'पाठवा'वर गेलं, आणि रानवाटा यांनी नेमका पुढचा प्रश्न विचारला.

काजवे लॅम्पिरिडी कुलातले, आणि त्यांचं मोठं घराणं तेच, जे टक्कन उडी मारणाऱ्या क्लिक भुंगेऱ्यांचं. तो पाठीवर पडला की 'टक्' आवाज करून उसळतो, तो. क्लिक भुंगेरे कडक, काजवे मऊ. या घराण्यात मऊपणा एकदा नाही, वेगवेगळ्या फांद्यांवर अनेकदा आलाय. वाढ अर्धवट थांबून अळीचे गुण प्रौढात राहतात, म्हणून कित्येक काजव्यांची मादी बिनपंखी, अळीसारखी असते. जुन्या पद्धतीत मऊ अंगाचे सगळे एकत्र ठेवले होते. ते झाड जनुकांनी मोडलं. इथे भिंग फसलं होतं.

आणि उजेड? अमेरिकेत काही क्लिक भुंगेरेही चमकतात. २०१८ मध्ये दोन काजव्यांचे आणि एका चमकणाऱ्या क्लिक भुंगेऱ्याचे जनुकसंच शेजारी ठेवून पाहिले. रसायन जवळजवळ तेच, पण उजेडाचं जनुक दोघांनी स्वतंत्रपणे घडवलेलं दिसलं, स्निग्ध आम्लं हाताळणाऱ्या एकाच प्रकारच्या जुन्या जनुकांतून. माझ्या दृष्टीनं वंशवृक्षाचं खरं मोल इथे आहे. झाड बरोबर असेल तरच 'हा गुण वारशानं आला की दोनदा घडला' हे विचारता येतं.

रानवाटा
हे वाचून यंदा काजव्यांची मादी शोधायचीच असं ठरवलंय. गवताच्या बुडाशी, बरोबर? टॉर्च बंद ठेवून आणि वाटेवरूनच, झाडांत न शिरता. गेल्या काही वर्षांत तिथे गाड्यांचे दिवे आणि गर्दी इतकी वाढलीय की नराला मादीचा उजेड दिसणं मुश्कील.

जुनाजाणता
एवढे भुंगेरे देवानं केलेच का? जीवशास्त्रज्ञ हॉल्डेन म्हणाले होते म्हणे, देवाला भुंगेऱ्यांचं फार वेड.

षट्पद
ते वाक्य हॉल्डेनच्या नावावर सांगतात खरं. माणूस मात्र आपल्याकडचाच झाला, १९५७ ला भारतात आला, नागरिकत्व घेतलं आणि १९६४ ला भुवनेश्वरात गेला.

आकडा खरोखर डोळे फिरवणारा आहे. नोंद झालेल्या भुंगेऱ्यांच्या जाती सुमारे ४ लाख. ज्ञात प्राण्यांतली दर चौथी जात भुंगेऱ्याची. उपगण चारच. आर्कोस्टेमाटा आणि मिक्सोफॅगा अगदी लहान. अडेफॅगात जमिनीवरचे आणि पाण्यातले शिकारी, त्यांच्या मागच्या पायाचं बुड छातीला घट्ट जडलेलं आणि पोटाचा पहिला खंड त्यानं मधोमध कापलेला दिसतो. बाकी जवळजवळ सगळे, दहातले नऊ, पॉलिफॅगात.

इतके का, यावर दोन मतं आहेत. १९९८ मध्ये फॅरेल या संशोधकांनी दाखवलं की फुलझाडांवर गेलेल्या फांद्या त्यांच्या भावंडांपेक्षा कितीतरी जास्त फुटल्या. २००७ मध्ये एका मोठ्या गटानं १९०० च्या आसपास जातींचं झाड काढलं. त्यांचं म्हणणं, नुसत्या फुलझाडांनी हे समजत नाही, जुन्या फांद्या टिकून राहिल्या आणि नाना जागी शिरल्या हेही तितकंच मोठं कारण. मला दुसरं जास्त पटतं. शेणकिडे, जमिनीवरचे शिकारी, पालापाचोळ्यातले आखूडपंखी यांना फुलांचं काय? पण मुगातल्याच्या घराण्यापुरतं फॅरेल बरोबर वाटतात.

अक्षता_जे
त्यात भर. वनस्पती पचवणं सोपं नाही, पेशीभित्ती फोडायला विकरं लागतात. भुंगेऱ्यांनी त्यांची जनुकं काही वेळा जिवाणू आणि बुरशीकडून थेट मिळवली. कॉफीचं बी पोखरणाऱ्या किडीत, म्हणजे षट्पद सरांनी सांगितलेल्या साल-पोखऱ्यांच्या उपकुलातल्या एकीत, असं जनुक २०१२ साली सापडलं. कुर्गमधल्या मळेवाल्यांना ही कीड चांगली माहीत आहे. २०१९ च्या एका मोठ्या वृक्षात, चार हजारांवर जनुकं वापरून काढलेल्या, हीच गोष्ट वनस्पतिभक्षी फांद्यांच्या भरभराटीशी जोडलीय.

पीकसंरक्षक
आता मीच एक उदाहरण देतो, नात्याचा उपयोग काय ते दाखवणारं. गाजरगवतावर सोडतात तो मेक्सिकन भुंगेरा, झायगोग्रामा, क्रायसोमेलिडीच. १९८४ मध्ये बंगळुरूला सोडला, आता आपल्याकडे पावसाळ्यात रस्त्याकडेला सगळीकडे दिसतो. पुढे तो कर्नाटकात सूर्यफुलावर दिसला तेव्हा मोठा गदारोळ झाला. सूर्यफूल आणि गाजरगवत एकाच वनस्पतिकुलातले, म्हणून भीती निराधार नव्हती. पानखाऊ भुंगेरे सहसा यजमानाच्या नातलगांकडेच वळतात, त्यामुळे कीटक आणतानाच्या चाचण्या यजमानाच्या जवळच्या झाडांपासून सुरू करतात. कुलाची माहिती नसेल तर चाचणी कुठल्या झाडापासून लावायची हेच कळणार नाही.

मृद्गंध
चर्चा वाचून बरंच उलगडलं. खाण्यावरून वर्गीकरण करण्याचा माझा हट्ट सोडतो, माड-गेंड्या-सोंड्याच्या उदाहरणानंतर तो धरून ठेवण्यात अर्थ नाही. पण मुलींनी परीक्षेत काय लिहावं? आणि प्रात्यक्षिकात कॅलोसोब्रुकसच्या दोन जाती, चायनेन्सिस आणि मॅक्युलेटस, वेगळ्या कशा दाखवू? आमच्याकडे भिंगं आहेत, सूक्ष्मदर्शक एकच.

षट्पद
परीक्षेत लिहा: 'कुल क्रायसोमेलिडी, उपकुल ब्रुकिनी, पूर्वीचं कुल ब्रुकिडी'. तपासणारा जुना असो की नवा, गुण कापायला जागा राहत नाही.

प्रात्यक्षिकाला चायनेन्सिसचा नर घ्या. त्याच्या मिशा कंगव्यासारख्या, एका बाजूला दाते. मॅक्युलेटसच्या मिशा करवतीसारख्या, दाते बारके. चायनेन्सिसच्या मानेच्या मागच्या कडेला, मध्यावर, दोन पांढरे फुगीर ठिपके जवळजवळ असतात. हे भिंगातही दिसतं. मॅक्युलेटसच्या मादीचं पोटाचं उघडं टोक बघा, मध्ये पांढरी रेघ आणि दोन्ही बाजूंना काळे डाग.

एवढ्या लहान किड्याला टाचणी टोचू नका, कार्डाच्या त्रिकोणी टोकाला डिंकाच्या थेंबावर बाजूनं चिकटवा. मोठ्यांना टाचणी उजव्या पंखातून, मधून नाही. चिठ्ठीवर गाव, तारीख आणि कुठल्या दाण्यातून निघाला ते लिहाच. त्याशिवाय नमुना फक्त शोभेचा.

अक्षता_जे
डीएनएसाठी ठेवायचे असतील तर ९५ टक्क्यांच्या वरचं इथेनॉल. हातावरचं सॅनिटायझर नको, त्यात पाणी बरंच असतं. एक पाय पुरतो, बाकी किडा तसाच राहतो.

चकली
रिपोर्ट: चौथं पेर मुलाला दिसलं, मला नाही! तो म्हणतो मुगातल्याच्या मांडीचा दातही दिसला. मूग मात्र फ्रीजरमध्ये ठेवले.

देवगडकर
उशिरा आलो. आंब्याच्या बागेत रात्री दिव्यावर हा आला. जवळपास दोन इंच, राखाडी, मिशा अंगाहून लांब, मानेवर दोन नारिंगी ठिपके आणि दोन्ही बाजूंना काटा. फोटो टाकलाय. मुगातल्याशी काही नातं?

षट्पद
भिरूड. बॅटोसेरा रुफोमॅक्युलाटा, कुल सेरॅम्बिसिडी. नातं आहे, आणि बऱ्यापैकी जवळचं: लांबमिशे आणि पानखाऊ एकाच महाकुलातले. याचाही टार्सस बघा, तेच दडलेलं पेर. डोळ्याला खाच असून मिशी तिथून निघते. मुगातल्याच्या डोळ्यालाही खोल खाच आहे.
हा नर असावा, मादीच्या मिशा इतक्या लांब नसतात. तरी उद्या उजेडात जुन्या झाडांची खोडं बुडापासून बघून घ्या. भुसा पडलेला किंवा सालीतून पाझरलेलं दिसलं तर भोकात तार घालून अळी काढा. अळी आतच राहिली तर फांदीपासून सुरू होऊन अख्खं झाड जातं.

देवगडकर
दोन झाडांखाली भुसा आहे. सकाळी तार घेऊन जातो.